रायफलची नवी नळी रुळवावी लागते काय?

नवे जाते घरी आले म्हणजे जाणती बाई त्यावर लगेच घरचे पीठ दळीत नाही. आधी मूठ-दोन मुठी धान्य घालून ते फिरवते आणि निघालेली भरड टाकून देते, कारण टाकी लावताना सुटलेले दगडाचे कण पहिल्या दळणात उतरतात. नव्या वहाणा रुळेपर्यंत चावतात. एके काळी नव्या मोटारीच्या मागील काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून मालक ती पहिले काही शे मैल सावकाश हाकीत असे. नवी वस्तू आधी रुळवावी आणि मग तिच्याकडून पूर्ण काम घ्यावे, हा विचार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्यामुळे नेमबाजाने नवी रायफल घेतली आणि तिची नळी आधी रुळवून घेण्याचा सल्ला त्यास कोणी दिला, तर तो त्यास सहज पटतो.

हा सल्ला साधारणतः असा असतो. पहिल्या दहा गोळ्यांपैकी प्रत्येक गोळी झाडल्यावर नळी पूर्णपणे साफ करावी. त्यानंतर तीन-तीन गोळ्यांनी पाच वेळा, आणि शेवटी पाच-पाच गोळ्यांनी पाच वेळा साफसफाई करावी. एकूण पन्नास गोळ्या आणि वीस वेळा साफसफाई झाली. सबंध दिवस या कामी जातो. असे केले की नळीचा आतील पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तीवर तांबे कमी चढते आणि नेम अधिक अचूक लागतो, असे सांगतात. याउलट, हा सारा खटाटोप निष्फळ आहे, किंबहुना त्याने नळीचे थोडे आयुष्यच वाया जाते, असे म्हणणारे जाणकारही आहेत. दोन्ही पक्षांत नामांकित नळी-कारागीर आहेत. अशा वेळी खरे काय हे कसे ठरवावे? त्यासाठी प्रथम नळीच्या आत डोकावले पाहिजे.

नळीचे अंतरंग

रायफलची नळी पोलादाच्या भरीव कांबीतून तयार होते. कांबीतून लांब, सरळ भोक पाडणे हेच मोठ्या कौशल्याचे काम आहे. पोकळ दांड्याच्या गिरमिटातून दाबाखाली तेल आत सोडतात आणि त्या तेलाबरोबर लोखंडाचा कीस बाहेर वाहून येतो. पुढे रीमर नावाच्या हत्याराने भोक नेमक्या मापाचे करतात. मग त्यात मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा पाडावयाच्या असतात. या खाचांमुळेच साध्या बंदुकीची रायफल होते. दोन खाचांमधील उंच राहिलेल्या भागांस आपण कंगोरे म्हणू. कंगोरे गोळीच्या अंगात रुततात आणि तिला भोवऱ्याप्रमाणे फिरवितात, म्हणून ती हवेत कोलांट्या न खाता सरळ जाते.

आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेल्या .303 ली-एनफील्ड रायफलचे उदाहरण घ्या. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात या रायफली मोठ्या संख्येने तयार झाल्या आणि त्यांची काडतुसे पुण्याजवळ खडकीलाही बनत. तिच्या नळीत पाच खाचा असून दर 10 इंचांस, म्हणजे 254 मिलिमीटरांस, त्यांचा एक वेढा पुरा होतो. गोळी सेकंदाला सुमारे 744 मीटर वेगाने बाहेर पडते. भागाकार केला तर त्या क्षणी गोळी सेकंदास 2,900 हून अधिक गिरक्या घेत असते, असे दिसेल. विजेचा पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

खाचा पाडण्याच्या मुख्य पद्धती तीन. जुन्या पद्धतीत एक लहानसे पाते नळीतून शेकडो वेळा ओढून दर खेपेस धातूचा अतिशय पातळ पापुद्रा काढतात. दुसऱ्या पद्धतीत टंगस्टन कार्बाइडची खाचाखाचांची गुंडी भोकातून जोराने ओढून किंवा ढकलून नेतात. ती धातू कापीत नाही, दाबून बाजूला सारते. तिसऱ्या पद्धतीत नळीत उलट्या नक्षीचा कठीण दांडा घालून बाहेरून हातोड्यांचे प्रचंड घाव घालतात, म्हणजे आतील नक्षी आपोआप उमटते. चांगले कारागीर यानंतर नळीत शिसे ओतून त्याचा गोळा तयार करतात, त्यास तेलात कालविलेली बारीक भुकटी लावतात आणि तो नळीतून हाताने मागेपुढे फिरवितात. या घोटाईने आतील पृष्ठभाग इतका सारखा होतो की त्यावरील उंच-सखलपणा 16 मायक्रोइंचांहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे अडीच-हजाराव्या भागाहून कमी भरतो. शिवाय घोटाईचे जे सूक्ष्म ओरखडे उरतात ते नळीच्या लांबीस समांतर असतात. गोळी ज्या दिशेने धावते त्याच दिशेने ते गेलेले असल्याने गोळीस ते फारसे खरवडीत नाहीत.

सारी गोष्ट येथेच संपली असती, तर घोटलेल्या नळीस रुळविण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. पण घोटाई झाल्यावर आणखी एक काम उरते. नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्याची कोठी कोरावयाची असते, आणि कोठीपुढे कंगोरे जेथे सुरू होतात तो उतरता भाग, म्हणजे नळीचा कंठ, त्याच हत्याराने घडतो. हे हत्यार गोल फिरते. त्यामुळे कंठावर पडणारे ओरखडे गोळीच्या मार्गाशी समांतर नसून आडवे असतात. कानसीवरून बोट लांबीच्या दिशेने ओढणे आणि दातांवरून आडवे ओढणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

रुळविण्याच्या बाजूचा युक्तिवाद

अमेरिकेतील क्रीगर या नळी-कारखान्याने या सल्ल्याचे जे कारण दिले आहे ते याच कंठावर आधारलेले आहे, आणि माझ्या मते त्या बाजूचे तेच सर्वांत विचार करण्याजोगे कारण आहे. गोळीच्या शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. बहुधा त्यात शेकडा 95 भाग तांबे आणि 5 भाग जस्त असते. कंठावरील आडव्या ओरखड्यांवरून जाताना या कवचाचे कण खरवडले जातात. पाठोपाठ येणाऱ्या वायूचे तापमान दोन ते तीन हजार अंश सेल्सियस असते. त्या उष्णतेत हे कण वाफ होऊन पुढे जातात आणि नळीच्या पुढील भागात थर होऊन बसतात. म्हणून नळीत तांबे दिसले तरी ते नळीच्या खडबडीतपणामुळे नसून कंठामुळे असू शकते. काही गोळ्यांनंतर कंठावरील धारदार कडा झिजतात आणि तांबे चढणे कमी होते. दरम्यान नळी साफ का करावयाची? तर चढलेले तांबे ओरखड्यांवर पांघरुणासारखे बसले तर पुढची गोळी पोलादाला न घासता तांब्यालाच घासेल, म्हणून.

तांबे कमी होत चालल्याचा पुरावा हे लोक चिंदीवर दाखवितात. अमोनियायुक्त द्रावणाने भिजविलेली चिंदी नळीतून फिरविली की तांबे विरघळते आणि चिंदी निळी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर जो गडद निळा रंग येतो, तोच हा. पहिल्या चिंद्या गर्द निळ्या, नंतरच्या फिक्या, आणि शेवटी जवळजवळ पांढऱ्या. मात्र येथे एक गंमत आहे. चिंदी ज्या गजावर चढवितात त्याचे टोक पुष्कळदा पितळेचे असते, आणि पितळेतही तांबेच आहे. नळी कितीही स्वच्छ असली तरी अशा गजावरची चिंदी निळी होणारच. निळा रंग पाहून तासन्‌तास नळी घासणारे काही जण खरोखर आपला गजच विरघळवीत असतात.

तर मग, पहिल्या गोळ्यांमध्ये तांबे चढण्याचे प्रमाण पुष्कळ नळ्यांत घटते, हे मान्य करावयास हरकत नाही. त्याचप्रमाणे गोळीचा वेग मोजण्याचे यंत्र वापरणाऱ्या अनेक नेमबाजांना आणखी एक गोष्ट आढळते. नव्या नळीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत हळूहळू किंचित वाढतो आणि मग स्थिरावतो. म्हणजे नव्या नळीत काही ना काही बदल होतो खरा. वाद आहे तो दुसऱ्याच दोन मुद्द्यांवर. हा बदल घडण्यास प्रत्येक गोळीमागे साफसफाई आवश्यक आहे काय? आणि तिच्यामुळे नेम सुधारतो काय?

मोटारीची उपमा कोठवर चालते?

मोटारीच्या इंजिनात दट्ट्याची कडी सिलिंडरच्या भिंतीवर मिनिटाला हजारो वेळा घासते. दोन्ही धातू कठीण असतात आणि तासन्‌तास एकमेकांना घासून ते जुळून येतात. नळीतील स्थिती निराळी आहे. .303 रायफलची नळी सुमारे 64 सेंटिमीटर लांब आहे आणि गोळी ती सव्वा सहस्रांश सेकंदाच्या आसपास ओलांडते. पन्नास गोळ्यांचा विधी घेतला तरी गोळी आणि नळी यांचा संपर्क सगळा मिळून एका सेकंदाच्या सोळाव्या भागाइतकाच भरतो. पाच हजार गोळ्या झाडलेल्या नळीने आपल्या सबंध आयुष्यात अवघी सहा-सात सेकंदे काम केलेले असते! शिवाय तांब्याचे कवच पोलादाहून पुष्कळ मऊ आहे. मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवीतच नाही असे नव्हे. विहिरीच्या काठावरील दगडाला दोराचे घळ पडलेले आपण पाहतोच. पण त्या घळीस पिढ्या लागतात.

नळीची खरी झीज गोळी करीत नाही; जळत्या दारूचे वायू करतात. गोळीमागे हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारे तीन हजार पट दाब असतो आणि पोलाद वितळण्याच्या तापमानाहूनही उष्ण वायू क्षणभर कंठास चाटून जातो. इतिहासात याचे फार बोलके उदाहरण आहे. 1888 मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलमध्ये विल्यम एलिस मेटफर्ड यांनी योजलेल्या उथळ, गोलसर खाचा होत्या. काळ्या दारूची काजळी कोपऱ्यांत साचू नये, हा त्यांमागचा हेतू होता आणि तो उत्तम साधला होता. पण 1891 मध्ये कॉर्डाइट ही धूरहीन दारू आली. तीत शेकडा 58 भाग नायट्रोग्लिसरिन असे आणि ती फार उष्ण जळे. तिच्यापुढे त्या उथळ खाचा टिकेनात. 1895 मध्ये एनफील्ड येथे ठरविलेल्या अधिक खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा आल्या आणि रायफलचे नावही ली-एनफील्ड झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरिनचे प्रमाणही 30 वर आणले. नीलगिरीतील अरवंकाडू येथील कॉर्डाइट कारखान्याची स्थापनाही त्याच सुमाराची.

तांब्याच्या थराबाबतही असेच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोळीचे कवच तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असे. त्याचे खडेच्या खडे नळीत चिकटत आणि तीव्र अमोनियाशिवाय ते निघत नसत. पहिल्या महायुद्धात फ्रेंच रसायनज्ञांना असे आढळले की दारूत थोडे कथील मिसळले तर तांब्याचा थर ठिसूळ होऊन निघून जातो. पुढे 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेने तांबे-जस्ताचे कवच स्वीकारले आणि खड्यांचा त्रास बव्हंशी संपला. आजच्या काही दारूंमध्ये कथिलाऐवजी बिस्मथ असते. या साऱ्या प्रकरणात नळी रुळवून कोणी प्रश्न सोडविला नाही. गोळीचे कवच आणि दारूचे रसायन बदलून तो सुटला.

कंठावरील धारदार कडा बोथट करण्याचे कामही बव्हंशी हा उष्ण वायूच करतो, असे मानण्यास जागा आहे. तसे असेल तर मध्ये नळी साफ केली काय आणि न केली काय, पहिल्या शे-दीडशे गोळ्यांत ते काम आपोआप होणारच. अमेरिकेतील ख्यातनाम कारागीर गेल मॅकमिलन यांचे मत तर याहून कडक होते. प्रत्येक गोळी नळीचे आयुष्य कमी करते. मग ज्या गोळ्यांनी काही साधत नाही त्या झाडावयाच्या कशाला? नळ्या लवकर झिजल्या तर नळ्या विकणाऱ्यांचाच लाभ आहे, असेही त्यांनी सुचविले होते. हेतूवरील हा आरोप बाजूला ठेवू. तो सिद्ध करता येत नाही. हिशेब मात्र करता येतो. स्पर्धेतील अचूकता पाच हजार गोळ्या टिकविणाऱ्या नळीच्या बाबतीत पन्नास गोळ्या म्हणजे आयुष्याचा शंभरावा भाग. पण अधिक दारूच्या मोठ्या काडतुसांची नळी बाराशे गोळ्यांतच थकते. तेथे तोच विधी चार टक्के आयुष्य खातो.

अनुभव आणि पुरावा

“मी माझी नळी रुळविली आणि ती उत्तम नेम धरते,” असे सांगणारे शेकडो भेटतात. “मी काही केले नाही आणि तीही उत्तम नेम धरते,” असे सांगणारेही तितकेच. दोघेही प्रामाणिक असतात. ताईत बांधून परीक्षेस बसलेला मुलगा उत्तीर्ण झाला म्हणजे ताईताची कीर्ती वाढते. ताईत न बांधता तो उत्तीर्ण झाला असता की नाही, हे पाहण्याची सोय नसते. एकच नळी रुळवूनही पाहिली आणि न रुळविताही पाहिली, असे कोणालाही करता येत नाही.

अडचण याहूनही खोल आहे. नेमाची अचूकता मोजण्यासाठी पाच गोळ्या एकाच बिंदूवर झाडून सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर घेतात. यास गोळ्यांचा गट म्हणू. समजा, एका रायफलचा सरासरी गट 25 मिलिमीटरांचा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक गट 25 चा येत नाही. संख्याशास्त्राप्रमाणे पाच गोळ्यांच्या गटांत सरासरीच्या एक चतुर्थांशाहून किंचित अधिक इतका चढउतार स्वाभाविकच असतो. आज 18 आणि उद्या 32 मिलिमीटरांचा गट आला, तर रायफल, दारू, नेमबाज यांपैकी काहीही बदललेले नसेल. नशिबाचा खेळ म्हणावा तर तो हाच. पण नेमबाज सकाळी 32 चा गट पाहतो, दिवसभर नळी घासतो, संध्याकाळी 18 चा गट पाहतो आणि नळी रुळली म्हणून समाधानाने घरी जातो. नव्या रायफलच्या घोड्याची त्याच्या बोटाला दिवसभरात सवय झाली, हे तर त्याच्या ध्यानातही येत नाही.

आता समजा, रुळविण्याने गट दहा टक्क्यांनी लहान होतो, आणि हा फरक खरा आहे की योगायोगाचा, हे आपणांस खात्रीने जाणून घ्यावयाचे आहे. वरील चढउतार लक्षात घेऊन गणित केले तर दोन्ही बाजूंस शंभराहून अधिक गट झाडावे लागतात. म्हणजे प्रत्येक बाजूस पाचशेहून अधिक गोळ्या. इतक्या गोळ्या झाडेपर्यंत न रुळविलेली नळीही केव्हाच रुळलेली असेल! एका नळीवर हा प्रयोग होऊच शकत नाही, तो या कारणाने. त्यास एकाच कारखान्यातील, एकाच पोलादाच्या पुष्कळ नळ्या हव्यात, त्यांपैकी कोणत्या रुळवावयाच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयास हवे, आणि आपल्या हाती कोणती नळी आहे हे नेमबाजास ठाऊक असता कामा नये. त्यात पुन्हा जुळ्या नळ्यांमध्येही उपजत फरक असतात, म्हणून संख्या आणखी वाढवावी लागते. दोन्ही पक्ष जे पुरावे पुढे करतात ते मात्र बहुतेक एकेका नळीच्या अनुभवाचे असतात. दहा टक्क्यांचा फरक त्यांत दिसणार नाही आणि नसला तरी भासेल.

कोणत्या नळीस काय लागू?

सैन्यासाठी तयार होणाऱ्या अनेक नळ्यांना आतून क्रोमियमचा कठीण मुलामा दिलेला असतो. तांब्याच्या गोळीने क्रोमियम रुळविणे ही कल्पनाच व्यर्थ आहे. कारखान्यात नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळीची परीक्षा होते, नेम तपासण्यासाठी काही गोळ्या झाडल्या जातात आणि रायफल शिपायाच्या हाती जाते. गुंडी ओढून किंवा घाव घालून केलेल्या आणि न घोटलेल्या साध्या नळीत ओरखडे सर्वत्र असतात. केवळ कंठ रुळवून तेथे विशेष काही साधणार नाही, तांबे थोडे अधिक चढणारच. उत्तम घोटलेल्या नळीत कंठापुरताच प्रश्न उरतो, आणि तो बहुधा दहा-वीस गोळ्यांत मिटतो. असे पाहा की सल्ल्याची सर्वांत कमी गरज ज्या महागड्या नळीस, तिचाच मालक तो सल्ला सर्वांत निष्ठेने पाळतो.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे. पहिली गोळी झाडण्यापूर्वी नवी नळी साफ केलीच पाहिजे. तीत गंज न चढावा म्हणून लावलेले घट्ट तेल असते, कधी लोखंडाचा कीस किंवा घोटाईची भुकटीही असते. नळीत काही अडकलेले असताना गोळी झाडणे जिवावर बेतू शकते. दुसरे असे की, काडतुसातील दारूचे प्रमाण आपल्या रायफलसाठी बारकाईने ठरविणाऱ्याने, गोळीचा वेग स्थिरावेपर्यंत, म्हणजे पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांपर्यंत, अंतिम निर्णय करू नये. या गोळ्या सरावात सहज खर्च होतात. त्यांसाठी निराळा विधी लागत नाही.

साफसफाईचेही तोटे आहेत. वीस वेळा नळी साफ करावयाची आणि दर वेळी गज पंधरा वेळा फिरवावयाचा म्हटले तर तीनशे खेपा होतात. गज वाकला तर तो कंगोऱ्यांना घासतो. तो तोंडाकडून घातला तर नळीच्या मुखाची कडा झिजवितो, आणि गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेस होतो. ही कडा एका बाजूने किंचित जरी बोथट झाली तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीस तिरपा धक्का देतो. नळी गुळगुळीत करण्याच्या नादात मुख बिघडविलेल्या रायफली दुरुस्तीस येतात, त्या अशाच.

राष्ट्रीय छात्रसेनेतील विद्यार्थी ज्या .22 रायफलीवर नेमबाजी शिकतात, तिला यांतील तांब्याचा युक्तिवाद मुळीच लागू पडत नाही. तिची गोळी शिशाची असून तिच्यावर मेण किंवा चरबीसारख्या वंगणाचा हात दिलेला असतो. काही गोळ्या झाडल्यावर या वंगणाचा पातळ थर नळीत सर्वत्र सारखा बसतो आणि मगच नेम स्थिरावतो. नळी पूर्ण साफ केली की थर निघून जातो आणि पुन्हा काही गोळ्या सरावाच्या म्हणून सोडाव्या लागतात. म्हणजे ही नळी एकदाच नव्हे, तर प्रत्येक साफसफाईनंतर रुळवावी लागते, आणि ती रुळते ती घासून नव्हे तर माखून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते याच .22 काडतुसावर. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. अशा स्पर्धांचे नेमबाज काडतुसांच्या कारखान्यात आपली रायफल पकडीत घट्ट बसवून एकामागून एक तुकडीची काडतुसे झाडून पाहतात, आणि आपल्या नळीला जी तुकडी मानवेल तीच हजारोंनी विकत घेतात. एकाच छापाच्या दोन तुकड्यांमधील फरक तेथे कागदावर उघड दिसतो. तो पाहण्यासाठी कोणाची साक्ष काढावी लागत नाही.